प्रश्न न ऐकणारे गुरुजी

गेल्या पावसाळ्यानंतर आम्हांस सुरतेस जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब कित्येक वर्षांपासून तेथे राहते. बाप उधना भागातील एका कापडगिरणीत कामाला आहे, आणि थोरला मुलगा रिंगरोडवरील कापडबाजारात एका दुकानाचा हिशेब लिहितो. मुक्काम त्यांच्याच घरी केला.

या मुलाचे आम्ही एक देणे लागत होतो. सहा वर्षांपूर्वी बारावी होऊन तो सुट्टीत गावी आला होता. "फादर, मला इतिहास शिकायचा आहे," असे त्याने आम्हांस सांगितले. घरावर कर्ज होते. आम्ही म्हणालो, "बाळ, इतिहासाने पोट भरत नाही. आधी बापाला हातभार लाव." सल्ला अगदीच चुकीचा होता असे आजही आम्हांस वाटत नाही, परंतु तो देऊन आम्ही हात झटकले आणि त्या मुलाची पुन्हा कधी विचारपूस केली नाही, ही मात्र आमची चूक होय.

रात्री जेवणे आटोपली. बाप म्हणाला, "फादर, ह्याला दोन शब्द सांगा. दिवसभर हिशेब आणि रात्री मोबाइल! डोळे जातील पोराचे." मुलगा खजील झाला. त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला. पाहतो तो काय, वर्गात एक वृद्ध प्राध्यापक प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवीत होते! मुलाच्या मांडीवर वही होती आणि तिच्यात टिपणे होती.

वाचकांपैकी पुष्कळांना हा प्रकार नवीन असेल. अमेरिकेतील येल विद्यापीठाने २००७ साली आपल्या काही वर्गांतील व्याख्याने चित्रित करून इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली केली. इतिहास, साहित्य, ग्रीक व रोमन विद्या असे नाना विषय त्यांत आहेत. प्रत्येक व्याख्यान शब्दशः लिहूनही ठेवलेले आहे. त्यामुळे ज्याचे इंग्रजी कच्चे, त्याला शब्दकोश जवळ घेऊन सावकाश वाचता येते. आपल्या सरकारनेही २०१७ साली 'स्वयम्' नावाने असेच दालन उघडले. तेथे शिकणे फुकट आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. येलची व्याख्याने ऐकून मात्र पदवीही मिळत नाही की प्रमाणपत्रही मिळत नाही.

हे ऐकून बापाने सरळ विचारले, "मग यातून पगार वाढतो का, फादर?" आम्हांस "नाही" असेच म्हणावे लागले. पोरगा खाली मान घालून बसला.

ते प्राध्यापक म्हणजे डोनाल्ड केगन. ते २०२१ साली वारले. त्यांची चोवीस व्याख्याने मात्र उधन्याच्या एका खोलीत अजून चालू आहेत! अथेन्स व स्पार्टा यांच्या युद्धाचा भाग ऐकून मुलगा तेवढ्यावर थांबला नव्हता. त्या युद्धाचा इतिहास ज्याने लिहिला, त्या थुसिडिडीसच्या ग्रंथाचा जुना इंग्रजी अनुवाद त्याने शोधून काढला होता. इसवी सनापूर्वी ४३० साली अथेन्समध्ये भयंकर साथ आली. थुसिडिडीस स्वतः तीत आजारी पडला आणि वाचला, म्हणून ती हकीकत आपल्या हाती आली. जे माणुसकीने आजाऱ्यांजवळ गेले तेच आधी मेले, असे तो लिहितो.

मुलगा म्हणाला, "फादर, हे वाचले आणि मला सुरतेचा प्लेग आठवला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो." १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला आणि लक्षावधी माणसे शहर सोडून पळाली. समोरच्या घरातील आजीबाई मात्र अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यापायी मागे राहिल्या होत्या. मुलाने त्यांच्याकडे जाऊन विचारपूस केली. कोणती दुकाने बंद झाली, पाणी कोणी आणून दिले, कोण परत आले, कोण आले नाही, हे सर्व त्याच्या वहीत दुसऱ्या बाजूने लिहिलेले होते. ते वाचून आम्ही गप्प झालो. इतिहास याहून वेगळा काय असतो?

मग त्याने आपली अडचण काढली. अथेन्सच्या लोकांना एक जुने भाकीत आठवले, त्यात शब्द 'साथ' होता की 'दुष्काळ' यावर त्यांचा वाद झाला, असे ग्रंथात आहे. "फादर, इतके निराळे शब्द! घोटाळा होईलच कसा? आणि विचारू कोणाला? हे गुरुजी तर ऐकत नाहीत."

आम्ही सेमिनरीत ग्रीक शिकलो ते परीक्षेपुरतेच, आणि पुढे पुष्कळसे विसरलो. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील एक जोडी मनात राहिली होती. 'लिमॉस' म्हणजे दुष्काळ आणि 'लॉइमॉस' म्हणजे साथ. एका स्वराचा काय तो फरक! हे सांगताच मुलाचा चेहरा असा उजळला, की बापही जवळ सरकून बसला. वीस वर्षे पडून राहिलेली आमची विद्या त्या रात्री प्रथमच कोणाच्या उपयोगी पडली.

त्या रात्री एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. जगातील उत्तम व्याख्यान आज झोपडीतही पोहोचते. परंतु ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे. त्याला वही हवी, मूळ ग्रंथ हवा, आणि प्रश्न ऐकून घेणारे एखादे माणूस हवे. पहिल्या दोन गोष्टी मुलाने एकट्याने मिळविल्या होत्या. तिसरी देणे आमच्याकडे होते, आणि ती आम्ही सहा वर्षे दिली नव्हती. आपल्या गावांत निवृत्त शिक्षक आहेत, शिकलेल्या सुना आहेत, धर्मगुरू आहेत. घरातील मूल रात्री मोबाइल घेऊन बसले, तर रागावण्यापूर्वी ते काय ऐकते हे एकदा त्याच्याशेजारी बसून पाहावे, एवढीच आमची आईबापांस विनंती आहे.

मुलाने आता मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.साठी अर्ज भरला आहे, विषय इतिहास. नोकरी चालूच आहे. शुल्काचा पहिला हप्ता बापाने दिला. दर रविवारी सायंकाळी त्याचा फोन येतो. परवा त्याने असा काही प्रश्न विचारला, की आम्हांस माळ्यावरचा ग्रीक शब्दकोश खाली काढून त्यावरची धूळ झटकावी लागली.