फळीत अडकलेला चेंडू

जन्मभर मुलांच्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढल्यावर आता अहिल्यानगरच्या घरी आम्हीच विद्यार्थी झालों आहों. गुरु आमचा नातू! पाठ संगणकावर विटा फोडण्याचा खेळ रचण्याचा. १९७६ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ब्रेकआउट’ नावाने हा खेळ काढला. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्याचा नमुना प्रोग्रामावांचून, केवळ चिपा जोडून उभा केला होता. बेसिक भाषेत तो त्यांनी पुढे लिहिला.

चेंडू फळीस लागतांच उभ्या वेगाचे चिन्ह उलटावे, असे सूत्र आम्ही लिहिले. चेंडू फळीतच रुतून थरथरूं लागला! यंत्र बिघडले, असे आम्ही ठासून सांगितले.

“आजोबा, तुम्ही सांगितलंत तेच ते करतंय. चेंडू फळीत आहे तोवर चिन्ह पुनःपुन्हा उलटतंय.”

‘चेंडू खाली येत असेल तरच’ एवढी अट घालतांच विटा फुटूं लागल्या. अतिव्याप्तीच ही! आम्हांस एकदम एक जुना विद्यार्थी आठवला. ‘मुनी इमौ’चा संधि त्याने सवर्णदीर्घाच्या नियमाने ‘मुनीमौ’ असा केला, म्हणून भर वर्गांत आम्ही त्यास उभे केले होते. द्विवचनाचा अपवाद तोवर आम्ही शिकविलाच नव्हता.