पुस्तकातला न्यूनगंड आणि सैलानीची वाट

बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात मुख्यतः तीन गोष्टी असतात. माणसाचा स्वभाव कसा घडतो, मन आजारी कसं पडतं आणि त्यावर उपचार काय. दुसरबीडला आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. त्यांच्यासोबत बसून मी ही तिन्ही प्रकरणं दोन-दोनदा वाचली. परीक्षा मला द्यायची नव्हती. पण एक प्रश्न मला कितीतरी वर्षांपासून छळतो आहे. आपल्या माणसाच्या दुःखाला व्यवस्थेने दिलेली जखम कधी म्हणायचं आणि आजार कधी म्हणायचं? चळवळीत आपण या दोन्हींची सरमिसळ करतो, आणि तिची किंमत आपल्याच घरातली माणसं मोजतात.

आधी जखमेबद्दल बोलू.

'न्यूनगंड' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की त्यामागची कल्पना व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर नावाच्या डॉक्टरची आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारा पोरगा? न्यूनगंड. बोलताना अडखळणारी मुलगी? न्यूनगंड. मी स्वतः एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. पहिला प्रश्न, पूर्ण नाव सांगा. दुसरा, वडील काय करतात. तिसरा, शिक्षण सवलतीवर झालं का. विषयाचा प्रश्न त्यानंतर आला, आणि तोवर माझा घसा कोरडा पडला होता. नोकरी मिळाली नाही. पुढे एका ओळखीच्या माणसाने आतली गोष्ट सांगितली, "पोरगा हुशार आहे, पण न्यूनगंड आहे म्हणत होते." म्हणजे आडनावावरून माणूस मापणारे तिघे निरोगी, आणि ज्याचा घसा कोरडा पडला तो रोगी!

ॲडलर बिचारा असं सांगत नव्हता. १८९८ साली त्याने लिहिलेलं पहिलं पुस्तक शिंपीकाम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्यावर होतं. माणूस कोणत्या परिस्थितीत राबतो आणि त्यातून त्याला कोणता आजार जडतो, याचा संबंध जोडणारा हा माणूस. कमीपणाची भावना प्रत्येक लहान मुलात असते, तिचं पुढे काय होतं हे भोवतालची माणसं कशी वागतात यावरही ठरतं, असं तो म्हणतो. आपल्याकडच्या शिकवणाऱ्यांनी त्यातला शब्द तेवढा उचलला आणि भोवतालची माणसं गाळून टाकली.

आता स्वभावाच्या प्रकरणाकडे या. एनसीईआरटीच्या बारावीच्या मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे प्रकार सांगताना वात, पित्त, कफ आले आहेत आणि त्यांच्या सोबतीला सत्त्व, रज, तम. मी पोरांना विचारलं, हे तीन गुण आणखी कुठे भेटतात? एका मुलीने लगेच सांगितलं, गीतेत. बरोबर. गीता चातुर्वर्ण्याचं समर्थन माणसाच्या जन्मजात गुणांच्या सिद्धांतावर उभं करते, हे बाबासाहेबांनी गीतेवरच्या आपल्या लेखनात उघडं केलं आहे. पाठ्यपुस्तकात हे गुण येतात तेव्हा मात्र ते 'भारतीय दृष्टिकोन' म्हणून येतात, चार वर्णांचा उल्लेख न करता.

१९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर प्लेटोला धरलं आहे. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग केले. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की माणसांना अशा मोजक्या कप्प्यांत कोंबणं म्हणजे माणूस न समजणं. प्रत्येक माणूस वेगळा, त्याच्या प्रवृत्ती अनेक, आणि गुणांवरून चार वर्ण पाडता येतील ही कल्पनाच टिकत नाही. मजा पाहा. त्याच १९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्याचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द काढले. त्याच वाटेने पुढे जाऊन आजचे मानसशास्त्रज्ञ पाच मोठ्या गुणवैशिष्ट्यांपर्यंत आले. पण हे पाच म्हणजे पाच डबे नव्हेत, मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो, कोणी कमी, कोणी जास्त. आमची पोरं मार्कांसाठी हे पाठ करतात. त्यांनी हे वादासाठीही पाठ करावं असं मला वाटतं. कोणी 'गुणकर्माने वर्ण' म्हणाला, की या प्रकरणाचं पान उघडायचं.

रोगाचं नाव देणं हेही सत्तेचं काम असतं. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांच्या 'आजारा'ला ड्रॅपेटोमेनिया असं भारदस्त नाव दिलं होतं. पळणारा वेडा, साखळी घालणारा शहाणा. शंभरेक वर्षांनी त्याच देशात केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने लहान मुलांसमोर काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या आणि वेगळ्या शाळांनी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो ते दाखवलं. १९५४ च्या ब्राऊन खटल्यात तो पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. शास्त्र तेच, पण ते कोणाच्या हातात आहे यावर बरंच ठरतं. आपल्याकडे १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, आणि न्या. रूपनवाल आयोगाने कारण शोधलं ते त्याच्या वैयक्तिक निराशेत. विद्यापीठ सुटलं.

इथपर्यंत आपल्या सभेत टाळ्या पडतात. पुढचं बोललं की सभा गप्प होते.

आमच्या ओळखीच्या एका घरातला पोरगा. वय वीस. झोप उडाली, एकटाच बोलायला लागला, कानात कोणीतरी शिव्या देतं म्हणायला लागला, आईच्या हातचं जेवण विष म्हणून फेकून द्यायला लागला. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. शेजारीपाजारी म्हणाले, बाहेरचं लागलंय, सैलानीला न्या. नेलं. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा आपल्याच जिल्ह्यातला. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आजारी माणसाच्या अंगावरचे कपडे टाकले जातात. सगळ्या जातीधर्मांची माणसं तिथे येतात, म्हणून यात कोणा एका धर्माकडे बोट दाखवायचं कारण नाही. चार-पाच खेपा झाल्या, सोयाबीनचे पैसे गेले. त्याच काळात आपल्यातलाच एक कार्यकर्ता त्या बापाला सांगून गेला, "त्याला काही झालेलं नाही, कॉलेजात जातीवरून त्रास झाला असंल, दोन पुस्तकं वाचायला द्या." मला सांगा, त्या पोराच्या दृष्टीने अंगारा आणि हा सल्ला यांत फरक काय होता? दोघांनीही त्याला गोळीपासून दूर ठेवलं.

ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात तो मेंदूशी निगडित आजार आहे. तो ब्राह्मणाच्या घरात होतो आणि बौद्धाच्या घरातही होतो. अपमान, गरिबी, ताण यांनी तो बळावू शकतो, पण भाषणाने तो बरा होत नाही. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आल्यापासून त्यावर औषधं आहेत. उपचाराला जितका उशीर होतो तितकं माणसाला सावरणं अवघड जातं. त्या पोराला शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तेव्हा आठ महिने उलटले होते. आज तो गोळ्या घेतो आणि मळणीच्या कामाला जातो. गोळ्यांनी अंग जड होतं, तोंडाला लाळ सुटते, वजन वाढतं. म्हणून लोक मधेच बंद करतात आणि आजार उलटतो. आणखी एक गोष्ट पुस्तकात नाही. दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला दोन माणसांची मजुरी बुडते.

उपचारांच्या प्रकरणात फिलिप पिनेलचं नाव असतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये वेड्यांचे साखळदंड काढणारा डॉक्टर. खरं तर बिसेत्रच्या रुग्णालयात ते काम आधी केलं तिथल्या देखरेख्याने, झाँ-बाप्तिस्त पुसाँने. हा पुसाँ डॉक्टर नव्हता. मूळचा कातडी कमावणारा, आधी त्याच रुग्णालयात गंडमाळेचा रुग्ण म्हणून आलेला आणि मग तिथेच कामाला लागलेला. पुस्तकात त्याला एक ओळही नाही. आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये.

आणि साखळदंड संपले कुठे? ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात आग लागली, आणि साखळीने बांधलेली २८ माणसं गेली. त्यानंतर कायदे आले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं, साखळीने बांधणं हा गुन्हा ठरवला. तो अध्यादेशाच्या रूपात निघाला तेव्हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन आठवडाही झाला नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर सरसकट बंदी आणली. याच कायद्याच्या कलम ३ नुसार कोणाच्या सामाजिक दर्जावरून वा समूहावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि कलम १८ नुसार सरकारी मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते मोफत, कार्ड नसलं तरी. म्हणजे माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच कायद्यात आहेत: खोटा शिक्का नको, आणि खरा आजार असेल तर उपचार हवा.

कागदावर आहेत. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. आपल्याला नागपूर, दुसरबीडहून तीनशे किलोमीटरहून लांब. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला खरा, पण तो गाडीवाल्यांसाठी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहाजणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. ही माणसं जातात कुठे? जिथे रांग कमी आणि आशा जास्त असते तिथे. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुवा' नावाने डॉक्टरच दर्ग्याच्या दारात बसवले. मला दुवा पटत नाही, पण डॉक्टर दारात बसवणं पटतं. सैलानीच्या यात्रेत टीका करणारे फलक घेऊन उभं राहण्यापेक्षा तिथे सरकारी मानसोपचाराचा कक्ष मागणं मला जास्त आंबेडकरवादी वाटतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी मनाला केंद्रस्थानी ठेवलं. त्या मनाच्या दवाखान्याची मागणी आपल्या एकाही मोर्चात मी ऐकलेली नाही.

म्हणून या महिन्यात तालुक्याला द्यायचं निवेदन तयार केलं आहे. मागण्या तीन. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी बसावा आणि तो दिवस फलकावर लिहावा. महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, म्हणजे दर आठवड्याला मजुरी बुडणार नाही. होळीच्या यात्रेत उपचार कक्ष लागावा. निवेदनात कलम १८ आकड्यासकट लिहिलं आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर विहाराच्या दारावर रंगवला आहे. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर रात्री-अपरात्रीही लावता येतो. सह्यांचा कागद अभ्यासिकेत टेबलावर आहे. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी नाव लिहायला संकोच वाटला तर नुसता अंगठा दिला तरी चालेल.