घाटाला साजेल असा श्वास

वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ पुन्हा रस्त्यावर आणताना इंजिनाविषयी मतभेद नव्हते. मूळ बिडाचे मॅनिफोल्ड मात्र तडकले होते. त्याच्या जागी पोलादी नळ्यांचे हेडर बसवायचे ठरले आणि आम्हा भावंडांत दोन पक्ष पडले. आईची अट एकच होती : गाडी चढण चढू लागली की आवाजावरून ओळखू यावी.

चारही नळ्या एकदम एकीत मिळवल्या, तर लाभ प्रामुख्याने चढ्या फेऱ्यांवर मिळतो. धाकट्याला तेच हवे होते. दुसऱ्या रचनेत चारांच्या दोन आणि दोहोंची एक नळी होते. १०८९ सीसीच्या या इंजिनाचा ज्वलनक्रम १-३-४-२. म्हणून पहिल्याची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. जोडीतले निःश्वास समान अंतराने येतात, परस्परांना अडवत नाहीत. त्याचे फळ मधल्या फेऱ्यांत मिळते.

पन्हाळ्यास राहणाऱ्याच्या वाट्याला या मधल्या फेऱ्याच येतात. कोल्हापूर अवघे वीस किलोमीटर. पण गडाची चढण वळणांची, खालच्या गिअरची. आम्ही जोडीची रचना स्वीकारली. नळ्याही बेताच्या व्यासाच्या घेतल्या, कारण फार रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो. वृत्त निवडताना कवी आशयाची चाल पाहतो. आम्ही रस्त्याची पाहिली.

पातळ पोलादाचा स्वर बिडापेक्षा कोरडा असतो. चढणीचा हिशेब जुळला आहे. आवाज ओळखीचा वाटतो का, हे आईने अद्याप सांगितलेले नाही.