शत्रूच्या वाटेने राजगड

राजगड पाहायला जाणारी मंडळी बहुधा गुंजवण्याहून नाही तर पालीहून वर चढतात. पद्मावतीच्या देवळात हात जोडतात, धापा टाकीत बालेकिल्ला गाठतात, आणि तिथून खाली पसरलेली संजीवनी माची बघून ‘वा!’ म्हणतात. माची आहेच तशी. सुमारे अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांनी उतरत गेलेली, दोन्ही कडांना काळ्या दगडाचा तट ल्यालेली. वरून पाहिले की एखादी अजस्र सुसर डोंगराच्या धारेवर ऊन खात पडली आहे असे वाटते. फोटोही झकास येतो. पण माझे आपले मत असे आहे की, संजीवनी माची वरून बघणे म्हणजे नाटक विंगेत उभे राहून बघण्यासारखे आहे. तो तट आतल्या माणसाने कौतुक करावे म्हणून कोणी बांधलेला नाही. तो बाहेरून येणाऱ्यासाठी आहे. आणि बाहेरचा माणूस डोंगराडोंगराने येणार तो तोरण्याकडून.

तोरणा आणि राजगड हे एकाच रांगेतले दोन गड. मध्ये एक वळणावळणाची, चढउतारांची लांबच लांब धार आहे. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून ती धार धरली की माणूस थेट संजीवनीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. राजगडाच्या बाकी बाजूंना कडे आणि उभे उतार राखणीला आहेत. इथे मात्र निसर्गाने जणू शत्रूसाठी पूलच टाकून ठेवला आहे. तेव्हा गडाची सगळ्यांत मोठी अक्कल इथेच खर्ची पडली असणार, ती शत्रूच्या वाटेनेच जाऊन बघायला हवी, असे आमच्या दाजींचे म्हणणे होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म पूल आणि रस्ते बांधण्यात गेलेला. वय सदुसष्ट, आणि उजवा गुडघा त्याहून दहा वर्षांनी वडील. २०२५ च्या जानेवारीत ते एका संध्याकाळी आमच्या घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, “मार्चमध्ये आम्ही कॅनडाला मुलीकडे जातो आहोत. कायमचेच. त्याच्या आत मला संजीवनीचा तट बाहेरून बघायचा आहे. येतोस?” ताईने माझ्याकडे असे पाहिले की, ‘नाही म्हण’ हे शब्द उच्चारण्याची तिला गरजच पडली नाही. मी हो म्हटले.

आदल्या रात्री वेल्ह्याला मुक्काम केला आणि पहाटे साडेपाचला बॅटरीच्या उजेडात तोरण्याची वाट धरली. बरोबर वेल्ह्याचेच एक वाटाड्ये होते. पन्नाशीचे, सडपातळ, पायांत साध्या चपला. गावात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो.

तोरण्याची उंची ४६०० फुटांच्या वर आहे, आणि तो चढ एकाही फुटाची सूट देत नाही. शिवाजीमहाराजांनी स्वराज्याच्या अगदी सुरुवातीला, सन १६४६ च्या सुमारास, हा गड घेतला. त्याचा प्रचंड विस्तार पाहून त्याला प्रचंडगड हे नाव दिले. गडावर सापडलेले धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्यासाठी खर्ची घातले, अशी परंपरा सांगते. म्हणजे आमचा दिवस तिजोरीपासून निघून इमारतीपर्यंत जायचा होता, असे दाजी म्हणाले. हिशेबी माणूस!

बिनी दरवाजा आणि कोठी दरवाजा ओलांडून मेंगाईच्या देवळाशी पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. ताईने दिलेले तिखटमिठाचे पराठे सोडले. थंडी अशी की थर्मासातला चहा कपात ओतेपर्यंत कोमट होत होता. मामांनी पराठा हातावर घेतला आणि खाता खाता समोर बोट केले. पूर्वेकडे, धुक्याच्या वर, राजगडाचा बालेकिल्ला एखाद्या बेटासारखा उभा होता. मध्ये टेकाडामागून टेकाड.

“तितं जायाचं,” मामा म्हणाले. “दिसतंय जवळ. पर धार लई फसवी हाय, काका. चढलं की उतार, उतारलं की चढ.”

बुधला माचीचा सुळका म्हणजे तेलाचा बुधला उपडा ठेवावा तसा. तिथून खाली उतरणे हा या वाटेवरचा खरा कसोटीचा भाग. घसरडी माती, वाळलेले गवत, हाताला धरायला कारवीची काटकुळी खोडे, आणि एका ठिकाणी कातळाला लावलेली लोखंडी शिडी. दाजी शिडीवर पाठमोरे होऊन, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवीत उतरले. त्यांना वीस मिनिटे लागली. मागून आलेला महाविद्यालयीन मुलांचा घोळका तोवर वर मुकाट उभा होता. आमच्यामागून उतरताना त्यांतला एक जण जाता जाता दाजींच्या पाया पडला. दाजी संकोचले; पण पुढचा अर्धा तास त्यांची चाल सुधारली होती, हे मी पाहिले.

धारेवरच्या वाटचालीचे मोठे वर्णन करीत नाही. उन्हात पिवळेजर्द गवत, मधूनच दाट झाडीचा गार बोगदा, दोन्ही हातांना खोल दऱ्या आणि मागे वळून पाहावे तो तोरणा तसाच खांद्यावर हात ठेवून उभा. एका वळणावर धनगराचे घर लागले. तिथे ताक मिळाले. पेल्यापेल्याने किती प्यालो ते सांगत नाही; घरच्या बाईने पैसे मोजताना आमच्याकडे कौतुकाने पाहिले एवढे सांगतो.

एक वाजता भुतोंड्याची खिंड आली. वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता इथे धार ओलांडतो. तोरण्यापासून राजगडापर्यंत माघार घ्यायची ही एवढी एकच सोयीची जागा. इथून एखादे वाहन मिळाले तर तासाभरात वेल्हे. इथून पुढे गेलात तर मात्र गडावर चढूनच सुटका. दाजी दगडावर बसले. त्यांनी विजारीचा पाय वर केला. गुडघा चांगलाच सुजला होता.

मी म्हणालो, “दाजी, इथवर आलो हेच पुष्कळ झाले. गाडी बोलावू या.”

ते काही बोलले नाहीत. मामांनी गुडघ्याकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले. “तीन तासांत आळू दरवाजा,” ते म्हणाले. “सावकाश गेलं तर साडेतीन. अंधाराच्या आत गडावर असू. पर काकांनी हितं मनाशी ठरवायचं. मधी ठरवून भागायचं न्हाई.”

दाजींनी विजार खाली केली. “माझा गुडघा टोरांटोला गेल्यावर दुखणारच आहे,” ते म्हणाले. “तिथे दुखून त्याचा काय उपयोग?” आणि काठी टेकून उठले.

त्यानंतरचा चढ मी विसरणार नाही. मामा पुढे, मध्ये दाजी, मागे मी. दर दहा मिनिटांनी थांबायचे, दोन घोट पाणी घ्यायचे, आणि कोणी काही बोलायचे नाही. चारच्या सुमारास झाडी संपली, एक टेकाड चढलो, आणि समोर तट उभा राहिला.

वरून जी माची ऐटदार दिसते ती खालून भयंकर दिसते. आपण अरुंद धारेवर उघडे, डावी-उजवीकडे पळायला जागा नाही, आणि समोर काळे बुरुज एकामागून एक डोक्यावर येतात. त्यांत बंदुकीसाठी ठेवलेली भोके, ज्यांना जंग्या म्हणतात, ती उतरती कोरलेली आहेत. वरच्याला खालचा दिसावा, खालच्याला वरचा दिसू नये. वाट तटाला सरळ जाऊन भिडत नाही. ती त्याच्या पायाशी लगटून पुढे जाते. तेवढा वेळ आपला खांदा वरच्या माणसाच्या माऱ्यात. दिवसभर चालून, पाणी संपत आलेले असताना, पाठीवर ओझे घेऊन इथे पोचणाऱ्या शिपायाच्या मनात काय येत असेल, ते मला त्या दिवशी पायांनी कळले. धारेने त्याला आधीच निम्मा मारलेला असतो. उरलेला निम्मा तटाच्या वाट्याला.

आळू दरवाजातून आत शिरलो. मला वाटले, आता वर जायचे. पण मामांनी आम्हाला तटातल्या एका ठेंगण्या दिंडीशी नेले. वाकून, जवळजवळ रांगत, अंधाऱ्या पायऱ्यांनी खाली उतरलो तो दोन भिंतींच्या मध्ये! एक बाहेरची, एक आतली. मध्ये जेमतेम एका माणसाला वावरण्याइतकी जागा, आणि वर आभाळाची चिंचोळी पट्टी. संजीवनीचे चिलखती तट आणि बुरुज म्हणतात ते हेच. भिंतीच्या अंगावर भिंतीचेच चिलखत.

दाजी गुडघा विसरले. त्यांनी दोन्ही तळहात दोन भिंतींना लावले. “बाहेरची भिंत तोफेने पडली, तर काय होईल?”

“शत्रू आत येईल.”

“कुठे आत? इथे! या खंदकात. समोर पुन्हा अख्खी भिंत, डोक्यावर आपली माणसे. आणि इथून वर जायला वाट कसली, तर आपण आत्ता आलो ती. एका वेळी एक माणूस, तोही मान खाली घालून.” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “आम्ही पूल बांधताना तो पडू नये एवढेच बघायचो. पडल्यावर पडलेला भाग कुणाच्या उपयोगी पडेल, असा विचार कधी केला नाही.”

मग त्यांनी काठीने मध्यल्या जागेची रुंदी मोजली, वहीत लिहिली, दगडांचे थर मोजले, सांध्यांतला चुना नखाने खरवडून पाहिला. गडावरची पाण्याची टाकी खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरायचा, ही त्या काळची रीत. माचीवर टाकी पुष्कळ आहेत. पाणी आणि तट दोन्ही एकाच खर्चात. तटात शिबंदीसाठी शौचकूपसुद्धा आहेत. कुठल्याही बखरकाराने त्यांची दखल घेतलेली मला ठाऊक नाही; पण पावसाळ्यातल्या रात्री पहारा करणाऱ्या गड्याने बांधणाऱ्याला नक्की दुवा दिला असेल.

या तटाने गड राखला का? पंचवीसएक वर्षे राजगड ही महाराजांची राजधानी होती. सईबाई इथेच १६५९ मध्ये वारल्या. राजाराममहाराज इथेच १६७० मध्ये जन्मले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. जे बारा राहिले त्यांत राजगड आणि तोरणा दोन्ही होते. आग्र्याहून सुटल्यावर १६६६ मध्ये महाराज आले तेही इथेच. पुढे १७०४ मध्ये खुद्द औरंगजेबाने वेढा घालून फेब्रुवारीत राजगड घेतला आणि लगेच मार्चमध्ये तोरणा. पण त्यासाठी त्या म्हाताऱ्या बादशहाला राजगडापुढे दोन महिन्यांहून अधिक काळ बसावे लागले, आणि काही वर्षांतच मराठ्यांनी दोन्ही गड परत घेतले. दाजींच्या मते यात तटाचा पराभव नाही. वेळ विकत घेणे हे त्याचे काम, आणि ते त्याने चोख केले.

वाईट एवढेच वाटले की, ज्या दगडांवर तोफांचा वचक बसला नाही त्यांच्यावर रंगाच्या डब्यांनी नावे लिहिलेली आहेत. बदामाच्या आकारासह. मामा तिथे पोचले की मुद्दाम दुसरीकडे बघत चालायचे.

माचीवरून वर जाताना दाजी तटाच्या फांजीवर एकदा थांबले. सूर्य तोरण्याच्या डाव्या अंगाला कलला होता आणि दिवसभराची धार पायांखालून पार बुधल्यापर्यंत उलगडलेली दिसत होती. मामा एकेक टेकाड बोटाने दाखवीत होते. दाजी मोजत होते. मग पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी, एक हात माझ्या खांद्यावर आणि एक मामांच्या, ते उतरले. गावात पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. ताईचे नऊ फोन येऊन गेले होते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. राजगड त्यांत आहे, तोरणा नाही. मी मामांना फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, “मंजी दाराला बक्षीस, अन् वाटंला काय न्हाई.”

दाजींचे मधूनमधून पत्र येते. अलीकडच्या पत्रात तटाचा उभा छेद आखून पाठवला आहे, शाईने, मापांसह. एके ठिकाणी मात्र प्रश्नचिन्ह आहे. दिंडीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या मोजायच्या राहिल्या, तेवढ्या कोणी जाईल तेव्हा मोजून कळवाव्या, असे खाली लिहिले आहे. कोणी म्हणजे मीच. मामांना सांगून ठेवले आहे. पौष लागला की पहाटे साडेपाचला वेल्ह्याहून निघायचे.