धोका : एक शब्द, दोन अर्थ

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला काही शब्द जन्मभर छळतात. 'धोका' हा त्यांतला एक. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. नदी धोक्याच्या पातळीवरून वाहते, घाटात धोक्याचे वळण येते. उर्दूत धोका म्हणजे फसवणूक. धोका दिला जातो आणि धोका खाल्लाही जातो. 'पुढे धोका आहे' ही पाटी वाचून उर्दू माध्यमातला मुलगा म्हणतो, "सर, पुढे कोण फसवणार आहे?" वर्ग हसतो. 'इशारा' या शब्दाचेही तेच. उर्दूत इशारा म्हणजे नजरेची किंवा बोटाची खूण. मराठीत हवामान खाते इशारा देते तेव्हा कोळी होड्या किनाऱ्याला ओढतात.

दहशतवादी हल्ला होण्याची शक्यता आहे, सावध राहा, असे एखादे सरकार सांगते तेव्हा मला हे दोन्ही अर्थ एकदम आठवतात. हा धोका मराठीतला की उर्दूतला? आपल्याकडे या प्रश्नाची दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणतो, सरकार सांगते म्हणजे खरेच असणार, त्यावर शंका घेणे हाच गुन्हा. दुसरा म्हणतो, निवडणूक जवळ आली, दुसरे काय! हे दुसरे वाक्य मी जुम्म्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकले आहे की बोलणाऱ्याच्या आधी मीच ते पूर्ण करू शकतो. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. दोघांनीही तपासण्याचे कष्ट घेतलेले नाहीत.

तपासायचे तर असे उदाहरण हवे, जिथे नोंदी उघड आहेत आणि आतला माणूस नंतर बोललेला आहे. तसे उदाहरण अमेरिकेचे आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, अमेरिकेने रंगांची इशारा पद्धत सुरू केली. हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा पाच पायऱ्या. गंमत अशी की ही पद्धत नऊ वर्षे चालली, पण त्या काळात देश एकदाही हिरव्या किंवा निळ्या पायरीवर उतरला नाही. पिवळा हाच नेहमीचा रंग झाला. नारिंगी झाला की दूरचित्रवाणीवर दिवसभर तीच पट्टी. नारिंगी रंगात नेमके करायचे काय, हे मात्र सामान्य माणसाला कळत नसे. फेब्रुवारी २००३ मध्ये रंग नारिंगी झाला तेव्हा घरात प्लास्टिकचे कापड आणि चिकटपट्टी ठेवा, विषारी हल्ला झाला तर एक खोली बंद करता येईल, असा सल्ला दिला गेला. दुकानांत चिकटपट्टी संपली. त्याच आठवड्यात परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकविरुद्धची आपली बाजू मांडली होती, आणि पुढच्या महिन्यात इराकवर युद्ध लादले गेले.

आता निवडणुकीचे वर्ष. २००४ च्या जुलैअखेरीस डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन संपले आणि जॉन केरी अधिकृत उमेदवार झाले. तीनच दिवसांनी, १ ऑगस्टला, अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री टॉम रिज यांनी न्यूयॉर्क, नेवार्क आणि वॉशिंग्टनमधल्या वित्तसंस्थांसाठी नारिंगी इशारा जाहीर केला. ही माहिती मिळाली ती राष्ट्राध्यक्षांच्या नेतृत्वामुळे, असेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. दोन दिवसांत बाहेर आले की त्या इमारतींची टेहळणी बरीचशी तीन-चार वर्षांपूर्वीची, म्हणजे ११ सप्टेंबरच्याही आधीची होती. मतदान २ नोव्हेंबरला झाले, बुश जिंकले आणि १० नोव्हेंबरला इशारा खाली आला.

टपरीवरचा माझा मित्र इथे टाळी मागेल. पण थांबा, गोष्ट अजून संपलेली नाही. ती टेहळणी खोटी नव्हती. ती करणारा धीरेन बारोत त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये पकडला गेला. २००६ मध्ये त्याने न्यायालयात कटाची कबुली दिली आणि त्याला जन्मठेप झाली. म्हणजे कट खरा होता, माहिती खरी होती, फक्त ती जुनी होती. आणि ती जाहीर करताना सोबत राष्ट्राध्यक्षांची स्तुती चिकटवलेली होती. मराठीतला धोका आणि उर्दूतला धोका एकाच निवेदनात शेजारी बसले होते. 'सगळे खरे' आणि 'सगळे नाटक' ही दोन्ही उत्तरे इथे नापास होतात.

रिज यांनी २००९ मध्ये आपल्या कारकिर्दीवर पुस्तक लिहिले. मतदानाच्या काही दिवस आधी, २९ ऑक्टोबर २००४ रोजी, ओसामा बिन लादेनची चित्रफीत आली होती. रिज लिहितात की त्यानंतरच्या बैठकीत महाधिवक्ता जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी इशाऱ्याची पातळी वाढवण्याचा आग्रह धरला. रिज यांना त्यासाठी पुरेसे कारण दिसले नाही, आणि हे सुरक्षेसाठी चालले आहे की राजकारणासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. पातळी वाढवली गेली नाही. पुस्तक आल्यावर दुसऱ्या बाजूने इन्कार झाला, आणि रिज यांनीही मुलाखतींत आपले शब्द थोडे मऊ केले. पण त्याच पक्षाच्या, त्याच खुर्चीवर बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडला होता, ही गोष्ट कागदावर राहिली. आपण असा प्रश्न विचारला तर तो देशद्रोह ठरतो, हे मला या संदर्भात मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

अशा इशाऱ्यांचा सत्ताधाऱ्यांना फायदा होतो का? कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्राचे अभ्यासक रॉब विलर यांनी २००४ मध्ये हे मोजले. दहशतवादाच्या सरकारी इशाऱ्यांच्या बातम्या आणि बुश यांच्या लोकप्रियतेचे आकडे त्यांनी शेजारी ठेवले. इशाऱ्यानंतरच्या आठवड्यात पसंती सरासरी २.७५ अंकांनी वाढत होती. म्हणजे शंभरातले पन्नास लोक खूश असतील तर पुढच्या आठवड्यात जवळपास त्रेपन्न. अर्थव्यवस्था कशी हाताळली, या प्रश्नावरही पसंती वाढलेली दिसली. माणूस घाबरला की ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याजवळ सरकतो, मग त्या माणसाने धान्याचा हिशोब नीट ठेवलेला असो वा नसो.

या अभ्यासातून कुणाचा हेतू सिद्ध होत नाही, हे इथे मान्य केले पाहिजे. फायदा झाला म्हणून तो मुद्दाम करून घेतला, असे म्हणता येत नाही. सत्तेवरच्या माणसाची अडचणही समजून घ्यायला हवी. इशारा दिला आणि काही घडले नाही, तर चार दिवस चेष्टा होते. इशारा दिला नाही आणि घडले, तर आयुष्यभराचा डाग लागतो. अशा तराजूत कोणीही इशारा देण्याकडेच झुकेल. म्हणून मंत्री खोटारडा आहे का, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तो मंत्री कितीही प्रामाणिक असला, तरी पद्धतच अशी आहे की भीतीचा नफा सत्तेच्या खात्यात जमा होतो आणि तिची किंमत दुसराच कोणी भरतो.

ही किंमत कोणी भरली, तेही पाहू. अमेरिकेने त्याच काळात २५ देशांतून आलेल्या पुरुषांसाठी विशेष नोंदणी सक्तीची केली. त्यांतला उत्तर कोरिया सोडला तर बाकीचे २४ देश मुस्लिमबहुल होते. बोटांचे ठसे, फोटो, चौकशी. देशात राहणाऱ्या ८० हजारांहून अधिक माणसांनी रांगेत उभे राहून नाव नोंदवले. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली, बहुतेक वेळा व्हिसाच्या त्रुटींवरून. दहशतवादाचा गुन्हा मात्र त्या नोंदणीतून एकावरही शाबीत झाला नाही. जे स्वतःहून रांगेत आले, तेच सापडले. २०११ च्या एप्रिलमध्ये रंगांची पद्धत बंद झाली आणि त्याच महिन्यात ही नोंदणीही थांबली. रांगेत उभे राहून ज्यांची घरे मोडली, त्यांना कोणत्या रंगाची भरपाई मिळाली?

ही किंमत आपल्यालाही अनोळखी नाही. एका वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आधी 'हाय अलर्ट' होता आणि बसस्थानकावर माझी पिशवी उघडायला सांगितली. आत सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या, उर्दूतल्या. हवालदारांनी विचारले, "हे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले. 'माझा आवडता ऋतू' या विषयावरचा निबंध होता, पावसाळ्यावर. ते हसले, मीही हसलो. माणूस वाईट नव्हता, आपले काम करत होता. पण त्या रांगेतल्या बाकी पिशव्या त्यांनी वरूनच चाचपल्या होत्या, आणि माझी लिपी वाचता येत नाही एवढ्यावरून ती संशयास्पद ठरली होती. बसमध्ये बसल्यावर शेजारच्या गृहस्थांनी आपली बॅग मांडीवर घेतली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

माझे तर एवढ्यावर भागले. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान. त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. दहा वर्षांनंतरची बातमी किती जणांना आठवते?

मग इशारे देऊच नयेत का? असे म्हणणे शुद्ध वेडेपणा होईल. २६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या झाडणाऱ्यांनी नावे विचारली नव्हती. मरणाऱ्यांत मुसलमानही होते. मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना त्याआधी यंत्रणेकडे आलेल्या होत्या. त्या अर्थाने अमेरिकेचीही कथा तीच. बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या तयारीत आहे, असे टिपण ६ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्षांसमोर ठेवले गेले होते. ज्या इशाऱ्यांनी माणसे वाचली असती ते फायलीत राहिले, आणि ज्यांनी फक्त धडधड वाढली ते पडद्यावर झळकले. खरा इशारा बहुतेक वेळा कंटाळवाणा असतो. अमुक दरवाजा बंद ठेवा, तमुक किनाऱ्यावर गस्त वाढवा. त्यात भाषणाला जागा नसते.

म्हणून माझ्या दहावीच्या मुलांना मी कुठलाही इशारा वाचताना तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला, हे ठरवले कोणी? ब्रिटनमध्ये धोक्याची पातळी गुप्तचर खात्यातले एक विश्लेषण केंद्र ठरवते, निवडणूक लढवणारा मंत्री नाही. दुसरा, मी नेमके काय करायचे? 'सावध राहा' हे उत्तर नव्हे. कुठे, कधी, कशापासून, हे सांगता येत नसेल तर तो इशारा माझ्यासाठी नाही, माझ्या मनासाठी आहे. तिसरा, हा संपणार कधी आणि संपल्यावर हिशोब कोण देणार? रंग गेल्यावर अमेरिकेने जी नवी पद्धत आणली, तिच्यात प्रत्येक इशाऱ्यावर समाप्तीची तारीख असते. मुदत संपली की तो आपोआप उठतो. वाढवायचा असेल तर पुन्हा कारण द्यावे लागते. एवढी साधी गोष्ट शिकायला त्यांना नऊ वर्षे लागली.

हे तीन प्रश्न विचारणारा माणूस सरकारचा शत्रू नसतो. उलट तोच इशारा गंभीरपणे घेतो. प्रत्येक इशाऱ्याला नाटक म्हणणारा माणूस ज्या दिवशी खरा धोका येईल त्या दिवशीही हसत बसेल, आणि प्रत्येक इशाऱ्यावर मान डोलावणारा शेजाऱ्याच्या पिशवीकडे बघत बसेल. आपल्या लोकांना मी विशेष करून सांगेन की टपरीवरचे ते तयार वाक्य सोडा. त्याने मन हलके होते, पण कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. त्यापेक्षा विचारा, लेखी विचारा, आमदाराला विचारा, बातमी छापणाऱ्या संपादकाला विचारा.

एक छोटा गृहपाठ तुम्हालाही देतो. जुनी वर्तमानपत्रे चाळा. 'हाय अलर्ट जारी' ही बातमी तुम्हाला दर काही महिन्यांनी सापडेल. 'हाय अलर्ट मागे घेतला' अशी बातमी सापडली, तर तारीख मला जरूर कळवा. मी अजून शोधतो आहे.