एका ओळीचं पत्र

पेद्रा ब्रांका म्हणजे सिंगापूरजवळच्या समुद्रातला एवढासा खडक, वर १८५१ मध्ये बांधलेलं हॉर्सबर्ग दीपगृह. मूळ मालकी जोहोरच्या सुलतानाची, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही मानलं. तरी २००८ साली खडक सिंगापूरला मिळाला. का, माहितीये? १९५३ मध्ये सिंगापूरने विचारणा केली, तेव्हा जोहोरच्या प्रभारी सचिवाने लिहून दिलं होतं की आमचा मालकीचा दावा नाही. कोर्टाने त्या पत्राला फार वजन दिलं. (शेजारचे मिडल रॉक्स मात्र मलेशियाकडेच.)

माझ्या वडिलांनीही चुलत्यांना असंच पोस्टकार्ड टाकलं होतं. 'विहिरीवर माझा काही हक्क नाही.' भांडण मिटावं म्हणून, बस्स! वीस वर्षं मी कोर्टाच्या बातम्या लिहितोय. समोरच्या वकिलाने ते कार्ड काढलं आणि विचारलं, "अक्षर ओळखता?"

ओळखलं.