पाटे बसले होते

अनकाई-टंकाईच्या पायथ्याकडून आमच्या मळ्यात जाणारी वाट बैलगाडीची. दोन चाकोऱ्या आणि मधे दगडगोट्यांचा उंचवटा. आमची जुनी महिंद्रा एमएम ५४० त्यावर पोट घासत जायची. हडबीच्या शेंडीच्या सुळक्याकडे येणाऱ्यांच्या उंच जीपा पाहून पोरांनी धोशा लावला, 'बाबा, लिफ्ट करून घेऊ.'

पानेवाडीच्या तेल डेपोंत भरायला येणाऱ्या टँकरांचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, करणाऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी टेप काढला. सपाट जागेवर चारी बाजूंनी ॲक्सलपासून चासीपर्यंत माप घेतलं आणि खडूनं मडगार्डवर आकडे लिहिले. ड्रायव्हरची बाजू अंगठाभर खाली. मोटर, पाइप, खताच्या गोण्या वाहून मागच्या पाट्यांची कमान पार सरळ झालेली. ॲक्सल जिथे रबराला आदळायचा तिथला रंग उडून लोखंड चकाकत होतं. पाटे खोलले, तर प्रत्येकाच्या टोकानं वरच्या पाट्यात नखाएवढी खाच पाडलेली.

"भाऊ, गेलेली उंची आधी परत आणा. मग वाढवायचं बघू."

पोरांचा जीव लांब शॅकलवर, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीवर, कारण ती स्वस्त. पण शॅकल दोन इंच लांबवली तर गाडी उचलते इंचभरच, आणि पुढे ॲक्सलचा कल बदलून स्टिअरिंग भटकायला लागतं. एक पाटा वाढवला तर रिकामी गाडी दगडावर उड्या मारणार. जुनेच पाटे ठोकून कमान देता येते, टँकरवाले देतातही. पण थकलेलं पोलाद ती कमान फार दिवस धरत नाही. ॲक्सलखालचे पाटे वर बसवले की गाडी चांगलीच उंच होते खरी, मग प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकचे होज, शॉकअपची लांबी सगळंच बदलायला निघतं.

शिवाय पाट्यांनी उचलली जाते ती चासी. डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो उचलायला टायरच मोठे लागतात. हे पोरांना गाडीखाली झोपवूनच दाखवलं, तोंडी सांगून पटलं नसतं. कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही.

शेवटी मूळ मापाचे नवे पाटे, बुश, पिना आणि यू-बोल्ट घेतले. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, तिथे काटकसर करू नये. उंचवट्यावर आता पोट टेकत नाही, फक्त ओढ्याच्या उतारावरचा एक दगड अजून लागतो. त्याला पहार लावायचं ठरलंय. पोरांची गाडी आता मोठ्या टायरांवर आलीय. मिस्त्रींनी मात्र पुढच्या बाजारच्या दिवशी परत बोलावलंय, यू-बोल्ट पुन्हा आवळायला.